फ्लेक्सवरचे पुढारी आणि माझी एक सही



मी आधी कबुली देणार आहे आणि मग शिव्या देणार आहे. उलटं केलं तर तुम्ही म्हणाल, हा कोण लागून गेला आम्हाला शिकवणारा. मी कोणी लागून गेलेलो नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करतो, नववीत शाळा सुटली, कविता लिहितो. आणि माझ्या हातानं अकरा बायकांचं नुकसान झालेलं आहे. ते पुढं सांगतो.

पहिल्यांदा त्या शिबिराचं सांगायला पाहिजे, कारण तिथंच माझं टाळकं फिरलं.

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात 'नेतृत्वगुण विकास शिबिर' भरलं. माणशी तीनशे रुपये. चहा, नाष्टा, वही, पेन आणि शेवटी फोटोसकट प्रमाणपत्र. शहरातनं एक सर आलेले. अंगात कोट, गळ्यात टाय, तोंडापुढं बारीक माइक. मी रातपाळी करून सकाळी सुटलो तो घरी न जाता तसाच विहारात गेलो. केसात कापूस, भुवयांवर कापूस. मागच्या भिंतीला टेकून बसलो. पुढं चाळीसेक पोरं. पोरगी एकही नाही. पोरी होत्या, पण त्या मागच्या खोलीत पोह्यांच्या प्लेटा भरत होत्या.

सरांनी फळ्यावर चांगल्या नेत्याचे दहा गुण लिहिले. पहिला आत्मविश्वास, दुसरा वक्तृत्व, तिसरा छाप पाडणारं व्यक्तिमत्त्व. मग सकारात्मक विचार, मग पोशाख. हात मिळवताना किती दाबायचा हे पाच पोरांना पुढं बोलावून करून दाखवलं. समोरच्याच्या डोळ्यात कसं बघायचं तेही. आणि म्हणाले, लक्षात ठेवा, तुम्ही स्वतः एक ब्रँड आहात, स्वतःला विकता आलं पाहिजे.

बाबासाहेबांच्या फोटोखाली उभं राहून हा माणूस आम्हाला विकायला शिकवत होता. पणज्यानं शिळ्या तुकड्यावर गावकी केली, पणतूनं आता स्वतःला बाजारात मांडायचं. आणि पोरं वहीत उतरून घेत होती!

शेवटी सरांनी विचारलं, "इथं कोणाकोणाला नेता व्हायचंय?" चाळीसच्या चाळीस हात वर. मी हात वर केला नाही. सरांनी ते हेरलं. म्हणाले, "मागचे मित्र जरा निगेटिव्ह दिसतात." सगळे हसले. मीही हसलो. तिथं तोंड उघडलं नाही, कारण रातपाळीनंतर माझ्या तोंडातनं नीट शब्द निघत नाहीत. ते आता इथं लिहितो.

मी हात का वर केला नाही? कारण मी एकदा नेता झालो होतो. दोन महिने.

२०२२ साल. आमच्या गिरणीच्या वाइंडिंग खात्यात अकरा बायका ठेकेदाराच्या हजेरीवर. कोणाची सहा वर्षं झालेली, कोणाची सात. काम कायम कामगाराचं, पगार ठेकेदाराच्या मर्जीचा. पीएफ कापला जायचा, चिठ्ठी मिळायची नाही. रातपाळी सुटली की घरापर्यंत चालत. त्यांची मागणी होती, आम्हाला गिरणीच्या हजेरीपटावर घ्या. सगळ्यांनी ठरवलं, कोणीतरी साहेबांशी बोलायला पाहिजे. आणि मला पुढं केलं.

मला का? नीट ऐका. मला कायदा येत होता म्हणून नव्हे. मला हिशेब कळत होता म्हणूनही नव्हे. जयंतीला मी स्टेजवर कविता म्हटली होती आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या होत्या, म्हणून. सरांच्या फळ्यावरचे पहिले तीन गुण माझ्यात ठासून भरलेले होते. आवाज खणखणीत. डोळ्यात डोळे घालून बोलणं. आत्मविश्वास तर इतका की विचारू नका.

केबिनमध्ये बोलावलं. एसी चालू. आम्हाला बाहेर स्टीलच्या पेल्यात मिळणारा चहा तिथं कपबशीत आला. साहेब म्हणाले, "बसा कवी." आयुष्यात पहिल्यांदा गिरणीच्या कुठल्या खुर्चीवर बसलो असेन. मी अर्धा तास बोललो. फुले बोललो, बाबासाहेब बोललो. साहेब मान डोलावत होते. मग म्हणाले, "तुमचं सगळं मान्य. लिहूनच ठेवलंय." आणि टाइप केलेला कागद पुढं सरकवला. अडीच पानं. सगळी इंग्रजीत.

दोस्तांनो, मला इंग्रजी अक्षरं लागतात. दुकानाच्या पाट्या वाचतो. पण ती अडीच पानं म्हणजे माझ्यापुढं काळी मुंग्यांची रांग होती. आता तुम्ही म्हणाल, मग सांगायचं होतं की वाचता येत नाही. तेच तर सांगतोय. मला लाज वाटली. आताच अर्धा तास मोठमोठी नावं घेऊन बोललो, त्या तोंडानं 'मला हे वाचता येत नाही' कसं म्हणू? मी पानं उलटली. मध्ये एकदा मान हलवली, जसं काही एखादं कलम पटलंय. आणि सही ठोकली. झोकदार सही, खाली दोन टिंबं. गेटवर येऊन ओरडलो, "जिंकलो!" पोरांनी गुलाल आणला. संध्याकाळी त्याच कागदावर अकरा बायकांच्या सह्या मीच घेतल्या. तिघींचे अंगठे.

महिन्याभरानं कळलं. कागदावर लिहिलं होतं की या अकराजणी स्वखुशीनं जुन्या ठेकेदाराकडचं काम सोडून नव्या ठेकेदाराकडं जात आहेत आणि मागच्या नोकरीबद्दल त्यांचं काहीएक मागणं नाही. त्या वेळच्या कायद्यात ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षांची नोकरी लागायची. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, असा हिशेब. यांची सहा-सात वर्षं कागदावर पुसली गेली. नव्या ठेकेदाराकडं पहिल्या दिवसापासून सुरुवात. लेबर ऑफिसात गेलो तर तिथल्या बाबूनं कागद माझ्याच पुढं धरला. "ही सही कोणाची?"

माझी. झोकदार. खाली दोन टिंबं.

त्यातल्या सगळ्यात मोठ्या बाईला आम्ही सगळे आक्का म्हणतो. मी तिच्या दारात जाऊन बसलो. बोलायला काही नव्हतंच. आक्का तांदूळ निवडत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "लेका, येत नव्हतं तर येत नाही म्हणायचं हुतंस. आम्ही काय तुला हसणार हुतो व्हय?"

ह्याच्यापेक्षा तिनं चप्पल मारली असती तर बरं झालं असतं.

आता बोला. सरांच्या दहा गुणांत 'मला येत नाही' असं म्हणायचा गुण कितव्या नंबरला होता? मी पूर्ण फळा वाचला. नव्हता. उलट सर म्हणाले, नेत्यानं आपलं अज्ञान चेहऱ्यावर दिसू द्यायचं नसतं. अरे, मी नेमकं तेच केलं! तुमच्या शिबिराला न येताच मी तुमचा पहिल्या नंबरचा विद्यार्थी होतो.

तर असा मी आता शिव्या द्यायला उभा आहे.

आपल्या वस्त्यांच्या नाक्यावर जरा मान वर करून बघा. फ्लेक्स. 'भावी नगरसेवक', 'युवकांचे आशास्थान', 'समाजाचा ढाण्या वाघ'. वर कोपऱ्यात बाबासाहेब, पोस्टाच्या तिकिटाएवढे. मध्ये वाघ, गॉगल लावून. खाली तीस-चाळीस तोंडं, पासपोर्ट साइज. फ्लेक्सच्या मागं उघडं गटार, त्यावर गेल्या पावसाळ्यात घातलेल्या फळ्या कुजलेल्या. वाघाला गटार दिसत नाही, कारण फ्लेक्स त्याच्यापुढं उभा आहे.

आणि जयंतीची वर्गणी. दारोदार पावत्या फाडल्या. ज्या घरात गॅस संपला होता त्या घरानंही दोनशे दिले. डीजेवर किती गेले, मिरवणुकीतल्या लाइटवर किती, उरले किती, ह्याचा हिशेब विहाराच्या भिंतीवर लावा म्हणालो तर मला काय उत्तर मिळालं? "तू फुटीर आहेस." हिशेब मागणारा फुटीर आणि हिशेब खाणारा समाजाचा एकोपा टिकवणारा. हा कुठला व्याकरणाचा नियम म्हणायचा? (माझी आई म्हणते, ज्याला वाणी उधार देतो त्याला हिशेब लिहायची अक्कल येते. तिच्या मोजमापानं आपल्या निम्म्या पुढाऱ्यांना किराणा मिळणार नाही.)

तुम्ही म्हणाल, हा बाबासाहेबांचं नाव घेऊन आपलीच माणसं सोलतोय. घेतो बाबासाहेबांचं नाव. पण फोटोतल्या नव्हे, कामातल्या.

सहीच्या त्या प्रकरणानंतर मी हात धुऊन वाचायच्या मागं लागलो. गावातल्या वाचनालयात सरकारनं १९७९ पासून छापलेले बाबासाहेबांचे खंड आहेत. पुष्कळसे इंग्रजीतच. डिक्शनरी घेऊन बसायचो. एका पानाला एक रविवार. अजूनही माझं वाचन मुंगीच्या चालीचं आहे. पण एक गोष्ट माझ्या हाती लागली, ती तुम्हाला सांगतो, कारण ती फ्लेक्सवर कधी नसते.

पुढारी घडवायची शाळा बाबासाहेबांनी स्वतः काढली होती. जुलै १९५६, मुंबई. नाव 'ट्रेनिंग स्कूल फॉर एन्ट्रन्स टू पॉलिटिक्स'. राजकारणात शिरायचं असेल तर आधी शाळेत बसा, असा सरळ मामला. पहिल्या तुकडीत पंधरा विद्यार्थी. सिद्धार्थ कॉलेजचे ग्रंथपाल शां. शं. रेगे यांच्याकडं प्राचार्यपद. विचार करा, सहा डिसेंबर पाच महिन्यांवर आलेला, शरीर पोखरलेलं, ऑक्टोबरात नागपूरला लाखोंचं धर्मांतर व्हायचं होतं, आणि हा माणूस पंधरा पोरांच्या शाळेची घडी बसवत होता. लाखांच्या सभा ज्याच्या शब्दाला उभ्या राहत होत्या त्याला पंधराजणांचा वर्ग का लागला? कारण सभेत टाळ्या तयार होतात, कागद वाचणारा माणूस वर्गात तयार होतो, हे त्याला ठाऊक होतं. तो गेला आणि १९५७ च्या मार्चपर्यंत शाळाही मिटली. आपण त्याचे पुतळे उभारले. पुतळ्याला कुंपण, कुंपणाला कुलूप. आपल्या तालुक्यात पुतळे किती आणि तसले वर्ग किती, ह्याची मोजणी तुम्हीच करा. मी केली. सांगायला लाज वाटते.

आता महाड. २० मार्च १९२७ सगळ्यांना पाठ आहे, चवदार तळं, ओंजळ, फोटो. मला त्याच वर्षाचा डिसेंबर जास्त शिकवून गेला. पंचवीस डिसेंबरला मनुस्मृती जाळली. माणसं हजारोंनी आलेली, पदरचा शिधा बांधून, तुरुंगात जायच्या तयारीनं. पुन्हा तळ्यावर जायचं, ह्या वेळी सत्याग्रह. आणि तिकडं विरोधकांनी, तळं खाजगी आहे असा दावा ठोकून, कोर्टातनं तात्पुरता मनाई हुकूम आणलेला. कलेक्टर येऊन सभेत बोलून गेला. सभा पेटलेली, काहीही होवो, जायचंच. आपल्या पुढाऱ्याला ह्यापेक्षा सोपा क्षण मिळतो का? नुसतं 'चला' म्हणायचं. वाघ म्हणून नाव झालं असतं.

बाबासाहेब उभे राहिले आणि आपल्याच माणसांना 'थांबा' म्हणाले. भांडण तळं अडवणाऱ्यांशी आहे, सरकारशी आणि कोर्टाशी एकाच वेळी अंगावर घेऊ नका, हे त्या पेटलेल्या माणसांना समजावून सांगितलं. सत्तावीस डिसेंबरला मिरवणूक तळ्याला वळसा घालून आली. पाण्याला कोणी हात लावला नाही. काय वाटलं असेल त्या माणसांना? काही जण रडले असतील, काहींनी मनात शिव्या दिल्या असतील. पण तो माणूस खटला लढत राहिला. मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला तो १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षं! दहा वर्षं तारखा, कागद, साक्षी, जुने दस्तऐवज. ह्या दहा वर्षांचा फोटो निघत नाही. म्हणून ती फ्लेक्सवर नसतात.

मी केबिनमधनं बाहेर येऊन गेटवर 'जिंकलो' ओरडलो तेव्हा माझ्यात ह्यातलं कवडीचंही नव्हतं. गेटवर उभ्या माणसांना जे ऐकायचं होतं ते मी ओरडलो. बाकी काही नाही.

आणखी एक सांगतो, गिरणीतलं आहे म्हणून. माझा पणजा मुंबईला गिरणीत, रिंग खात्यात. विणाई खात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्या माणसाला मज्जाव. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचं टोक तोंडानं ओढून काढावं लागे. एकाचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागायचा. मालकाविरुद्ध खांद्याला खांदा लावणारे कामगार धोट्यापाशी आले की सवर्ण व्हायचे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावलं, हा मज्जाव उठवायची मागणी तुमच्या यादीत घ्या. घेतली, पण कुरकुरत. १९२९ च्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला. आणि पुढं? ७ नोव्हेंबर १९३८. औद्योगिक कलह विधेयक आलं, कामगाराचा संपाचा हक्क आवळणारं. तेव्हा ज्यांच्याशी भांडण झालं होतं त्याच कम्युनिस्टांच्या बरोबरीनं एक दिवसाचा संप पुकारला.

हे मला फार अवघड वाटतं. त्याच माणसांशी भांडायचं आणि वेळ आली की त्यांच्याच शेजारी उभं राहायचं. रुसायचंही नाही आणि विकलं जायचंही नाही. आपल्याकडं दोनच तऱ्हा दिसतात. एक जन्मभर रुसलेला, दुसरा तिकीट मिळालं की ज्यांना काल शिव्या दिल्या त्यांच्या गळ्यात हार घालणारा. आणि वर म्हणतो, बाबासाहेबही मंत्रिमंडळात होते की! होते. आणि हिंदू कोड बिल मागं पडलं म्हणून २७ सप्टेंबर १९५१ ला राजीनामा देऊन बाहेर पडले. तो अर्धा भाग का गिळतोस?

फाटाफुटीबद्दल थोडक्यात. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष झाला, वर्षा-दोन वर्षांत चिरफाळला. १९७२ मध्ये पँथर आली, तिच्यात जीव होता, आग होती. जानेवारी १९७४ मध्ये वरळीची दंगल, दहा जानेवारीला मोर्चावर वरनं टाकलेल्या दगडानं भागवत जाधव गेला. त्याच वर्षी पँथर फुटली. १९९८ च्या लोकसभेला एकी झाली तर महाराष्ट्रात खुल्या जागांवरनं आपले चारजण निवडून गेले. वर्षभरात ती एकी मोडली. हे सगळं विचारांच्या भांडणानं झालं म्हणतात. काही भांडणं विचारांची होतीही, ती व्हायलाच पाहिजेत. पण काही खुर्चीची होती, आणि खुर्चीच्या भांडणाला विचाराचा सदरा घातला की समाजाला ओळखू येत नाही. भागवत जाधवचं नाव आपल्या वस्तीतल्या किती पोरांना ठाऊक आहे? विचारून बघा. वाघांचे वाढदिवस मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

पण सगळा दोष पुढाऱ्यांचाच का? माझा आजा मुंबईच्या गिरणीतच होता. १८ जानेवारी १९८२ चा संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. आजा प्रत्येक सभेला जायचा. संपात गिरणी गेली, खोली गेली, ट्रंक घेऊन गावी आला. मरेस्तोवर एक गोष्ट बोलायचा. "मी सभेत टाळ्या लई वाजवल्या. पण घरी आल्यावर तुझी आजी विचारायची, काय ठरलं? मला सांगता यायचं न्हाई." तो दुसऱ्या कोणाला दोष देत नव्हता. स्वतःच्या हातांकडं बघायचा. टाळ्या वाजवणाऱ्या हातांकडं.

म्हणून मला त्या चाळीस हातांची भीती वाटली. काल टाळ्या वाजवणारे हात आज नेता व्हायला वर झालेत. मधली पायरी कुठं गेली? मधली पायरी म्हणजे प्रश्न विचारणं. काय ठरलं, कोणी ठरवलं, कागद दाखव, हिशेब दाखव.

बाबासाहेबांनी १९४३ च्या जानेवारीत पुण्याला रानड्यांवर भाषण केलं. ते पहिल्या खंडात आहे, मी तीन महिने घेतले वाचायला. मोठ्या माणसाबद्दल आदर असावा, पण विभूतिपूजा समाजाला बुडवते, असा त्याचा रोख. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत पुन्हा तेच बजावलं, धर्मात भक्ती चालेल, राजकारणात भक्ती म्हणजे हुकूमशाहीची वाट. आणि आपण काय केलं? त्याच माणसाची भक्ती मांडली. एकदा मोठ्या मूर्तीची सवय लागली की छोट्या मूर्ती बसवायला वेळ लागत नाही. गल्लीगल्लीत एक एक. 'साहेब' म्हटल्याशिवाय वळून बघत नाहीत.

आता एक आक्षेप मला माहीत आहे. परवाच एका मित्रानं घातला. म्हणाला, "तू लिहितोस ते बरोबर, पण आपल्या पोरांना शतकानुशतकं खाली मान घालायला लावली. त्यांना ताठ उभं राहायला, डोळ्यात डोळे घालून बोलायला शिकवलं तर तुझ्या पोटात का दुखतं?" हा आक्षेप खोटा नाही. मी स्वतः केबिनमध्ये पहिल्या पाच मिनिटांत थरथरत होतो. आवाज कमवावा लागतो. कपडे धुतलेले असावेत, बाबासाहेबांनी सुटाबुटात राहून गांधींच्या पंचाला उत्तर दिलं हे मला कळतं. शिका ते. जरूर शिका. पण ते शिकवून तिथंच थांबणारा माणूस तुम्हाला अर्धाच शिकवतो, आणि मी सांगतो, अर्धा शिकलेला आत्मविश्वास साहेबाच्या फार उपयोगाचा असतो. लाजरा कामगार सही करायला दहादा विचार करतो. मी एकदाही केला नाही.

आणि पोह्यांच्या प्लेटा भरणाऱ्या पोरी? वीस जुलै १९४२ ला नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली होती. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. बायांनी ठराव केले, घटस्फोटाच्या हक्काचे, गिरणीत-विडी कारखान्यात काम करणाऱ्या बायकांच्या रजेचे. ऐंशी वर्षांहून जास्त झाली. आपल्या विहारात अजून पोरी मागच्या खोलीत. सरांना दोष देत नाही, शिबिर त्यांनी भरवलं नव्हतं. आपण भरवलं.

आमच्या वाइंडिंगच्या बायकांचं पुढं काय झालं ते सांगतो आणि थांबतो.

दोन वर्षांपासून दर रविवारी विहारात आम्ही सातजण बसतो. कधी पाच. पोरं म्हणतात 'म्हाताऱ्यांची शाळा', कारण त्यात चौघी वाइंडिंगच्या बायका आहेत. आम्ही काही मोठं वाचत नाही. पगाराची चिठ्ठी वाचतो. पीएफचा आकडा मोबाइलवर कसा बघायचा ते शिकलो. ठेकेदारी कामगारांचा १९७० चा कायदा मराठीत मिळवला, तो एक एक कलम करत मोठ्यानं वाचला. अर्ध्या शब्दांना अडलो. अडलो की थांबायचं, हा एकच नियम. कोणी पुढं ढकलायचं नाही. पहिले चार महिने मी शिकवतोय असं मला वाटत होतं. मग आक्कानं एकदा मध्येच तोडलं. "तू वाच. अर्थ आम्ही लावतो. तू अर्थ लावायला लागलास की भाषण हुतंय." तेव्हापासून मी फक्त वाचतो.

या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला पुन्हा बोलणं निघालं. रातपाळीची गाडी आणि पीएफच्या चिठ्ठ्या. बायकांनी मला सांगितलं, तू यायचं नाहीस. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. कविमन दुखावलं. आक्का आणि दोघीजणी गेल्या. मी गेटबाहेर टपरीवर बसून राहिलो.

तीच केबिन, तोच एसी. साहेबांनी तसाच कपबशीतला चहा मागवला, तसाच टाइप केलेला कागद सरकवला. आक्कानं तो हातात धरला, उलटा का सुलटा ते आधी बघितलं, आणि म्हणाली, "साहेब, आम्हाला ह्यातलं वाचता येत न्हाई. मराठीत लिहून द्या. आम्ही घरी नेऊन बसून वाचू, आठ दिवसांनी सांगू." साहेब म्हणाले, "विश्वास नाही का?" आक्का म्हणाली, "मागच्या वेळी हुता."

आणि तिघी उठून बाहेर आल्या. चहा तसाच टेबलावर. वीस मिनिटांत गेटवर. मी धावत विचारलं, "काय झालं?" आक्कानं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "अजून काही झालं न्हाई. ओरडू नकोस."

मराठी कागद आला तो बाराव्या दिवशी. चार कलमं आहेत. दुसऱ्या कलमात 'शक्य झाल्यास' असा एक शब्द घुसडलाय. या रविवारी आम्ही त्यावर बसणार आहोत.